पीएचडीचा प्रबंध: मटेरियल ढीगभर जमलंय, पण प्रकरणं कशी पाडायची?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी करतेय, ग्रामीण भागातल्या एका कॉलेजात शिकवत शिकवत. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांमधल्या मुलांचं शिक्षण. फील्डवर्क झालंय. पालक, मुकादम (मजुरांच्या टोळ्या कारखान्यावर नेणारे), झेडपीचे शिक्षक, हंगामी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बायका, गावात मागे राहिलेल्या आज्या आणि मुलं, सगळ्यांच्या मुलाखती आहेत. शाळांचे हजेरीपट आहेत. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या थळावर (ऊसतोड टोळ्यांच्या तात्पुरत्या वस्तीवर) जाऊन राहिले त्याच्या वह्या आहेत. आणि वाचलेल्या पुस्तकांचे, पेपरांचे, सरकारी अहवालांचे टिपणांचे गठ्ठे वेगळेच.

आता लिहायला बसलं की काही सुचत नाही. गाईड म्हणतात आधी साहित्याचा आढावा पूर्ण करा, मग पुढचं. तो आढावा संपतच नाहीये, रोज नवीन काहीतरी सापडतं. सिनॉप्सिसमध्ये (सुरुवातीला दिलेल्या संशोधन आराखड्यात) जी सात प्रकरणं दिली होती (प्रस्तावना, आढावा, पद्धती, जिल्ह्याचा परिचय, विश्लेषण १, विश्लेषण २, निष्कर्ष) त्यात मला दिसलेलं काहीच नीट बसत नाही. गावनिहाय लिहू, का पालक-शिक्षक-मुकादम असं गटनिहाय लिहू, का एखादी थिअरी घेऊन तिच्याप्रमाणे मांडू? ज्यांनी प्रबंध लिहिलाय, तपासलाय किंवा लिहितायत त्यांनी कृपया सविस्तर सांगा. सॉफ्टवेअर, फॉरमॅटिंग काहीही चालेल.

लेट लतीफ
जागा धरून ठेवतो. चर्चा चांगली होणार इथे.

कंदील
गोदाकाठ, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. "मला दिसलेलं काहीच बसत नाही" असं लिहिलंयत, म्हणजे तुम्हाला काहीतरी दिसलंय! ते काय आहे हे अख्ख्या पोस्टमध्ये कुठेच नाही, फक्त काय काय जमवलं ते आहे. तेव्हा आधी एक करा, या क्षेत्राबाहेरच्या एखाद्या माणसाला सांगितल्यासारखं एका वाक्यात सांगा की तुम्हाला काय सापडलं. विषय सांगू नका, सापडलेलं सांगा. ते वाक्य तयार होत नाही तोवर प्रकरणं पाडू नका, कारण गावनिहाय पाडा का गटनिहाय, दोन्हीकडे नुसती माहितीची विभागणी होते आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की बाईंचं म्हणणं काय आहे.

मी इतिहासात केली, पेशवाईतल्या बाजारपेठांवर. पेशवे दफ्तरात बसून मोडीचे रुमाल (कागदांची बासनं) उलगडताना रोज वाटायचं की हेही घालावं नि तेही घालावं. माझ्या गाईडनी एक सवय लावली, प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहायचं की हे प्रकरण वाचल्यावर वाचणारा कोणती गोष्ट मान्य करेल. जे टिपण त्या गोष्टीला लागत नाही ते कितीही सुंदर असलं तरी वेगळ्या फायलीत. त्या फायलीतून नंतर दोन लेख निघाले, वाया काही जात नाही.

निवृत्त मास्तर
बऱ्याच वर्षांचा मार्गदर्शक आणि परीक्षक म्हणून लिहितो. कंदील म्हणतात ते पटतं, पण सात प्रकरणांच्या सांगाड्याला इतकं नावं ठेवू नका. परीक्षकाच्या हातात प्रबंध येतो तेव्हा त्याला प्रश्न कुठे आहे, पद्धत कुठे आहे, आधी कोणी काय केलंय हे शोधावं लागू नये, एवढ्यासाठी तो सांगाडा आहे. विद्यापीठाच्या नमुन्यात जे भाग सक्तीचे आहेत ते ठेवायचेच. मोकळीक असते ती मधल्या दोन-तीन विश्लेषणाच्या प्रकरणांत, आणि ती पुष्कळ असते.

परीक्षक कसा वाचतो तेही सांगतो, ते कळलं तर मांडणी आपोआप सुधारते. मी आधी सारांश वाचतो, मग अनुक्रमणिका, मग थेट शेवटचं प्रकरण, मग संदर्भसूची चाळतो, आणि त्यानंतर पहिल्या पानापासून सुरुवात. अनुक्रमणिका वाचून युक्तिवाद कळला पाहिजे. "विश्लेषण १" आणि "विश्लेषण २" अशी शीर्षकं असली तर मला काही कळत नाही. शेवटच्या प्रकरणात आधीच्या प्रकरणांचा गोषवारा पुन्हा लिहिलेला असतो, दहापैकी आठ प्रबंधांत हेच. निष्कर्ष म्हणजे गोषवारा नव्हे हो. पहिल्या प्रकरणात जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं तिथे हवीत, त्याच क्रमाने, आणि कोणत्या पुराव्यावर ती उभी आहेत तेही.

आढाव्याबद्दल मात्र तुमच्या गाईडच्या बाजूने बोलतो. आढावा आधी लिहावाच. पहिला खर्डा म्हणून. त्याशिवाय आपण नवीन काय म्हणतोय ते स्वतःलाच कळत नाही.

रानवारा
मास्तर, आदर ठेवून असहमत. आमच्याकडे (वनस्पतीशास्त्र) सगळ्यात आधी पद्धतीचं प्रकरण लिहितात, कारण ते तुम्ही स्वतः केलेलं असतं, त्यासाठी काही शोधायला लागत नाही, आणि हात लिहिता होतो. कुठली गावं निवडली, का निवडली, कोणाशी कसं बोलणं झालं, परवानगी कशी घेतली, काय मिळालं नाही. दोन-तीन आठवड्यांत पक्का खर्डा होतो. मग निकाल, मग चर्चा, मग आढावा आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावना पहिली लिहिणाऱ्याला ती शेवटी परत लिहावी लागतेच.

अनुजा के
जर्मनीतून. इथे आमच्या विभागात दोन प्रकार चालतात, एक सलग ग्रंथासारखा प्रबंध आणि दुसरा छापून आलेल्या पेपरांना पुढे-मागे प्रस्तावना नि समारोप जोडून केलेला. दुसऱ्यात रचनेचा प्रश्न सुटतो असं वाटतं पण नाही सुटत, कारण तीन पेपर मिळून एक काय म्हणतात हे त्या प्रस्तावनेत सांगावंच लागतं आणि तिथेच सगळे अडकतात.

आढाव्याबद्दल: तो संपत नाही कारण आपण लेखकानुसार लिहितो. अमुक यांनी २००४ मध्ये असं म्हटलं, तमुक यांनी २०११ मध्ये तसं म्हटलं, ही वाण्याची यादी झाली आणि यादीत रोज एक जिन्नस वाढवता येतो. त्याऐवजी वाद शोधा. तुमच्या विषयात दोन-तीनच मोठे वाद असतील. स्थलांतर करणाऱ्यांची मुलं शाळेतून गळतात ती गरिबीमुळे का शाळेच्या वेळापत्रकामुळे? पालकांना शिक्षण नको असतं का परवडत नाही? प्रत्येक वादाला एक उपविभाग, त्यात कोण कुठल्या बाजूला, आणि शेवटी तुमचा पुरावा त्या वादात कुठे बसतो. मग नवीन पेपर सापडला की फक्त बघायचं, तो वाद बदलतो का? नसेल तर एका वाक्यात नाव घेऊन पुढे. एक एक्सेलचा तक्ता करा, आडवे पेपर, उभे वाद, कोण काय म्हणतं ते चौकटीत. तो तक्ता भरला की आढावा जवळजवळ लिहून झालेला असतो.

स्वरदा
अनुजा, तक्त्याबद्दल +१०००. आजच करते.

साधा माणूस
प्रामाणिक शंका. इतकं सगळं करून हा प्रबंध वाचतं कोण? कपाटात जाऊन बसतो ना?

कंदील
साधा माणूस, कपाटाचे दिवस गेले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा उघडून बघा, देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे पदवी जाहीर होण्याआधी विद्यापीठाला सॉफ्ट कॉपी तिथे द्यावीच लागते. गोदाकाठ, तुम्हीसुद्धा आपल्या विभागातले, आपल्या विषयाजवळचे चार-पाच प्रबंध तिथून उतरवून घ्या आणि फक्त अनुक्रमणिका नि निष्कर्ष वाचा. चांगला कसा दिसतो हे कळतंच, वाईट का वाईट आहे हे जास्त कळतं.

रानवारा
अवांतर: जाडीवरून आठवलं. आपल्याकडे जाड प्रबंध म्हणजे भारी असा समज आहे. कमला सोहोनी (दुर्गाबाई भागवतांच्या बहीण) यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, विज्ञानात पीएचडी करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, आणि तो प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असतं हे त्यात दाखवलं होतं. सांगण्यासारखी एक ठोस गोष्ट होती, ती सांगून झाली.

निवृत्त मास्तर
उत्तम उदाहरण. पण सामाजिक शास्त्रात ४० पानांत करू नये कोणी, माणसांच्या बोलण्याला जागा लागते.

अवांतरात भर घालतो. इरावतीबाई कर्व्यांचा बर्लिनचा प्रबंध माणसाच्या कवटीच्या असमानतेवर होता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या असमानतेशी संबंध दिसत नाही असं लिहिलं. गृहीतकृत्य खरं ठरलं नाही म्हणून घाबरणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगतो. खरं न ठरणं हाही निष्कर्षच आहे, फक्त तो लपवू नका. आणि परत दुरुस्तीला आला म्हणून रडणाऱ्यांना सांगतो की बाबासाहेबांचाही लंडनचा डीएस्सीचा प्रबंध १९२२ ला सादर झाला, परीक्षकांच्या हरकतींमुळे पुन्हा द्यावा लागला आणि पदवी १९२३ च्या अखेरीस मिळाली.

लेट लतीफ
ही माहिती नव्हती. मास्तर, वेगळा धागा काढा यावर!

टायपिंगवाला
विद्यापीठाजवळ डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे आमचं, प्रबंधावरच घर चालतं, म्हणून दोन शब्द. मंडळी शेवटच्या आठवड्यात येतात आणि प्रकरणं वेगवेगळ्या फॉन्टात असतात. कृपा करून पहिल्या दिवसापासून सगळं युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, शोधता येत नाही, आणि कन्व्हर्टरमधून काढला तरी रफार आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं.

दुसरं, वर्डमध्ये शीर्षक मोठं करायला नुसतं बोल्ड आणि साईज वाढवू नका. हेडिंगच्या स्टाईल असतात त्या लावा, हेडिंग १ प्रकरणाला, २ उपविभागाला, ३ त्याच्या आत. अनुक्रमणिका एका क्लिकवर होते आणि पानं बदलली तर नंबर आपोआप बदलतात. तक्त्यांना नि आकृत्यांना कॅप्शन पण वर्डमधूनच द्या, तक्ता ४.३ च्या आधी एक नवीन तक्ता घुसवला की पुढचे सगळे हाताने बदलत रात्र जाते लोकांची. डाव्या बाजूला बाइंडिंगसाठी दीड इंच समास सोडा, पण आधी तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

कडीपत्ता
वर्ड कशाला, लेटेक वापरा. झीलेटेकमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते, नंबर, सूची, संदर्भ सगळं तोच बघतो.

टायपिंगवाला
चालतं साहेब, पण गाईडना दुरुस्त्या वर्डमध्येच करायच्या असतात ना! गणित-इंजिनिअरिंगवाल्यांनी जरूर वापरावं. ज्यांच्या प्रबंधात समीकरणं नाहीत आणि गाईड ट्रॅक चेंजेसवर काम करतात त्यांनी वर्डच नीट शिकावं असं माझं मत.

अनुजा के
संदर्भासाठी झोटेरो. फुकट आहे, वर्डला जोडता येतं, आणि पीडीएफवर केलेल्या खुणा टिपण म्हणून बाहेर काढता येतात. मराठी संदर्भसूचीत मध्येच इंग्रजी शब्द डोकावतात, ती सूची शेवटी एकदा डोळ्याखालून घालावी लागते. तरी हाताने सूची करण्यापेक्षा शंभरपट बरं. महत्त्वाचं म्हणजे टिपण घेतानाच पान नंबर लिहा आणि अवतरण असेल तर अवतरणचिन्ह टाका. वर्षाने वही उघडल्यावर ते वाक्य आपलं की लेखकाचं हे कळायला दुसरा मार्ग नाही.

कंदील
अनुजाचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण वाङ्मयचौर्याचे नियम. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादर करायला बंदी, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यातून वगळलेले असतात. पण टक्का ९ आला म्हणून निश्चिंत होऊ नका हो. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून नाव न घेता लिहिली तर सॉफ्टवेअरला कळणार नाही, परीक्षकाला कळेल, त्याने मूळ पुस्तक वाचलेलं असतं.

लेट लतीफ
आणि बऱ्याचदा त्यानेच लिहिलेलं असतं.

स्वरदा
:)) खरंय.

मला एक वेगळं विचारायचंय. माझं बाळ लहान आहे, मुदतीचं टेन्शन येतं. सहा वर्षांच्या आत सबमिशन नाही झालं तर सगळं वाया का?

निवृत्त मास्तर
नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून २, म्हणजे एकूण १० पर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. हे तुमच्या विद्यापीठाने कसं लागू केलंय ते पीएचडी विभागात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर अवलंबून राहू नका. सबमिशनआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्तीसुद्धा २०२२ मध्ये गेली, पण काही विद्यापीठं आपल्या नियमात ती ठेवतात, तेही बघा.

आणि दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर जायचं असतं, त्याला लोक त्रास समजतात. तिथे प्रगती अहवाल म्हणून अर्धवट का होईना एक प्रकरण घेऊन जा. बाळ घरात असताना स्वतःची तारीख स्वतः पाळणं फार कठीण असतं, बाहेरची तारीख उपयोगी पडते.

स्वरदा
मनापासून आभार मास्तर. हे सगळं एका जागी कोणीच सांगितलं नव्हतं.

गोदाकाठ
किती छान प्रतिसाद! दोन दिवस कंदील यांच्या पहिल्या प्रश्नावरच अडकले होते. शेवटी काल रात्री नवऱ्याला (तो बँकेत आहे) सांगायचा प्रयत्न केला आणि असं काहीसं वाक्य निघालं:

"मूल आईबापाबरोबर थळावर जाणार की गावात राहून शाळा करणार, हे शाळा किंवा वसतिगृह किती चांगलं आहे यावर ठरत नाही, ते पावसाळ्यात मुकादमाकडून उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतली जाते तेव्हाच ठरून गेलेलं असतं, आणि घरात सांभाळणारं म्हातारं माणूस आहे की नाही यावर."

उचल जास्त घेतली की ती फेडायला हात जास्त लागतात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला आणि कोपीवर (थळावरच्या झोपडीत) स्वयंपाकाला जाते, म्हणजे आईचा कोयता पूर्ण वेळ चालतो. शाळेत ऑक्टोबरमध्ये सर्व्हे होतो, शिक्षक घरोघर जाऊन मुलांना ठेवून जा म्हणून सांगतात, पण तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. हे मला कितीतरी घरांत दिसलंय पण मी ते "आर्थिक घटक" या उपविभागात दोन परिच्छेदांत टाकलं होतं.

कंदील
मिळाला की हो तुमचा प्रबंध!!! दोन परिच्छेद नाहीत ते, तोच कणा आहे.

अनुजा के
अंगावर काटा आला वाचून. आता बघा, प्रकरणं आपोआप पडतात. निर्णय कधी होतो, कोण करतं, आणि शाळा त्यात उशिरा का पोचते.

तांबडी माती
मी सहसा फक्त वाचतो, पण आता लिहावंसं वाटलं. मी स्वतः त्या घरातला आहे. आईवडील कोयत्यावर जायचे, मी आजीमुळे गावात राहिलो म्हणून शिकलो, बहीण गेली. आज मी शिक्षक आहे. गोदाकाठ मॅडम, तुमचं वाक्य बरोबर आहे, पण त्यात एक राहिलंय. आजी आहे म्हणजे मूल राहील असं नाही, मुलगा राहतो. मुलीला आजीजवळ ठेवायची आईला भीती असते, वयात आलेली मुलगी सहा महिने डोळ्याआड नको. लग्नं लवकर होतात त्याचं एक कारण तेच, आणि लग्न झालं की नवराबायकोचा नवीन कोयता (म्हणजे तोडणीची जोडी) तयार होतो, त्याला मुकादम वेगळी उचल देतो. हे तुमच्या मुलाखतींत आलं असेलच, नसेल तर परत जाऊन विचारा, पण आईला एकटीला विचारा, चारचौघांत ती बोलणार नाही.

दुसरं, आमच्या माणसांचं बोलणं पुस्तकी मराठीत बदलू नका. ती जशी बोलली तसंच छापा. खाली लागला तर शब्दाचा अर्थ द्या. लोक आमच्या बोलण्याला सुधारून लिहितात तेव्हा त्यातलं निम्मं निघून जातं.

गोदाकाठ
तांबडी माती सर, काय बोलू. हो, आलंय, अनेक आयांनी सांगितलंय, मी ते "सुरक्षितता" नावाच्या वेगळ्या कोडखाली (मुलाखतींच्या वर्गवारीतल्या लेबलाखाली) ठेवलं होतं, उचलीशी जोडलंच नव्हतं. लग्न आणि नवीन कोयता हा दुवा तर आज पहिल्यांदा इतका स्पष्ट दिसला. परत गावांत जाणार आहे या महिन्यातच, टोळ्या निघायच्या आत. बोलणं जसंच्या तसं ठेवणार, शब्द दिला.

निवृत्त मास्तर
या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा प्रतिसाद तांबडी माती यांचा. बाई, यांनी जे सांगितलं ते आता तुमच्या पद्धतीच्या प्रकरणातही जायला हवं, की आयांशी एकट्याने बोलल्यावर वेगळी माहिती मिळाली. आणि गावांची, मुकादमांची नावं बदला. गाव लहान, टोळी त्याहून लहान, "अमक्या गावातली तीन मुलींची विधवा आई" एवढं लिहिलं तरी ती बाई ओळखू येते आणि पुढच्या हंगामात तिला उचल नाकारली जाऊ शकते. नाव बदलणं पुरत नाही, ओळखीच्या खुणाही बदला किंवा काढा. बदललेली नावं नि खरी नावं यांचा तक्ता प्रबंधात नको, परिशिष्टातही नको, कुलूपबंद ठेवा.

रानवारा
आणि बॅकअप! लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, ड्राईव्हवर एक. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगला पासवर्ड टाका. फायलींची नावं "फायनल", "फायनल नवीन", "खरंच फायनल" अशी नकोत, तारीख टाका, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादीत आपोआप ओळीने लागतात.

साधा माणूस
मी वर विचारलं होतं की वाचतं कोण. तांबडी माती यांचं वाचून प्रश्न मागे घेतो. हा प्रबंध झाला की मला लिंक हवी.

गोदाकाठ
सगळ्यांचं वाचून आज सकाळी नवीन आराखडा केला, गाईडना दाखवण्याआधी इथे टाकतेय.

पहिलं प्रकरण प्रश्न आणि तो का महत्त्वाचा (सगळ्यात शेवटी लिहिणार). दुसरं आढावा, अनुजा म्हणाल्या तसा वादांवर, त्यांचे दोन वाद मी घेतलेत आणि एक माझा. तिसरं पद्धत, ते उद्यापासून सुरू. चौथं, उचल: पावसाळ्यात, हंगामाच्या आधी घरात होणारा निर्णय. पाचवं, मुलगा आणि मुलगी: कोण मागे राहतं, कोण जातं, लग्न नि कोयता. सहावं, शाळा: हजेरीपट, हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड, आणि यंत्रणा पोचते त्या वेळी घरात काय ठरलेलं असतं. सातवं निष्कर्ष. जिल्ह्याचा परिचय वेगळं प्रकरण न करता तिसऱ्यात चार पानांत. सातच्या सात राहतात, फक्त आत वेगळं आहे. चालेल का?

कंदील
पळेल. एकच सूचना, थळावरचं आयुष्य कुठेच दिसत नाही. तुम्ही तिथे राहिला आहात, त्या वह्या आहेत. पाचव्यात "कोण जातं" च्या पुढे "गेल्यावर काय होतं" असा उपविभाग घ्या, मुलगी पहाटेपासून काय काय करते ते. नाहीतर वाचणाऱ्याला उचल हा आकडाच वाटत राहील.

तांबडी माती
कंदील यांच्याशी सहमत. आणि सहाव्यात शिक्षकांवर सगळं ढकलू नका मॅडम. मी स्वतः पोरं थांबवायला घरोघर फिरतो. आमच्या हातात पोरं यायच्या आधी सगळं झालेलं असतं हे तुम्ही म्हणताय तेच बरोबर आहे, ते ठामपणे लिहा.

निवृत्त मास्तर
आराखडा चांगला आहे. एक कामाची गोष्ट: सिनॉप्सिसमधलं शीर्षक आणि हा प्रबंध आता थोडे लांब गेलेत. शीर्षकात बदल करायचा असेल तर सल्लागार समितीकडून प्री-सबमिशनच्या आधीच मान्यता घ्या, नंतर फार कटकट होते. गाईडना हा आराखडा दाखवताना आढाव्याचा तक्ताही सोबत न्या, म्हणजे आढावा पूर्ण करा हे त्यांचं म्हणणं तुम्ही ऐकलंय हे त्यांना दिसेल आणि बाकीचं ते मोकळेपणाने ऐकतील.

गोदाकाठ
नेते. शीर्षकात अजून एक अडचण आहे, सिनॉप्सिसमध्ये "बीड जिल्हा" आहे पण माझं काम तीनच तालुक्यांत झालंय. तालुके घालू का जिल्हा ठेवू?

निवृत्त मास्तर
"बीड जिल्ह्यातील निवडक गावे" असं करा. जिल्हा म्हटलात तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न येईल की उरलेल्या तालुक्यांचं काय, आणि तालुक्यांची नावं शीर्षकात घातलीत तर गावं ओळखायला सोपी जातील. निवड कशी केली ते तिसऱ्या प्रकरणात लिहालच.

गोदाकाठ
ठरलं मग. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, काय झालं ते इथेच कळवते. तोवर तिसरं प्रकरण.